मालधक्क्यावरचं ऑफिस

पॅरिसला गेल्यावर आयफेल टॉवर तर सगळेच बघतात. पण एक सकाळ हाताशी असेल, तर मेट्रोच्या ६ नंबर लाइनने शेव्हालरेला उतरा. थोडं चाललात की काँक्रीटची एक लांबच लांब शेड लागते. हा ऑस्टरलिट्झ स्टेशनचा जुना मालधक्का. आज त्याचं नाव स्टेशन एफ, आणि आत स्टार्टअपवाल्यांची तीन हजारांहून जास्त डेस्क!

लांबी ३१० मीटर. आपली बारा डब्यांची लोकल आत उभी केली तरी जागा उरेल. १९२७ ते १९२९ या काळात ती बांधली इंजिनिअर युजीन फ्रेसिने यांनी. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचं १९२८चं पेटंट यांचंच. आपल्या फ्लायओव्हरचे गर्डर त्याच तंत्राचे. छताच्या काँक्रीटच्या कमानी इतक्या पातळ, की मी नुसती मान वर करून बघत राहिले.

मालवाहतूक थांबली तशी जागा ओस पडली. निम्मीशिम्मी पाडायचंही घाटत होतं. २०१२ मध्ये ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि ती वाचली. मग टेलिकॉमवाले अब्जाधीश झेविये नील यांनी पैसा ओतला, आर्किटेक्ट विल्मोत यांनी नूतनीकरण केलं आणि २०१७ मध्ये दारं उघडली. फंडा साधा आहे : जुन्या सांगाड्याला धक्का नाही. मीटिंग रूम्स म्हणजे आत ठेवलेले काचेचे कंटेनरच जणू. मालधक्क्याला शोभतं ते!

लोअर परळच्या ज्या कंपाउंडमध्ये मी रोज कार्ड पंच करते, तिथे गिरणीचं फक्त धुराडं उरलंय. त्यामुळे हे सगळं बघून हेवा वाटलाच. पण एक खटकलं. डेस्कपर्यंत पोचायला बॅज लागतो, आणि बॅज मिळतो तो निवड झालेल्या स्टार्टअपला. मालधक्क्यावर हमालही बिनदिक्कत शिरत असणार. इमारत वाचवली, फाटक मात्र अरुंद केलं. पाडण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, हेही खरं. तरी दिवसाच्या भाड्यावर कुणालाही बसता येईल अशी एक रांग ठेवायला काय हरकत होती?

सगळ्यांसाठी खुलं आहे ते टोकाचं ‘ला फेलिचिता’. अवाढव्य रेस्टॉरंट, त्यात चक्क रेल्वेचे जुने डबे. माझ्या शेजारी एक मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. ‘‘तू आतला का?’’ मी विचारलं. पिझ्झ्याचा घास चावत त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. प्रवेशाचा फॉर्म, अर्धा भरलेला.