पताका अर्ध्यावर

दादा पंधरा वर्षं नौदलात होता. या पंधरा वर्षांत त्याने नेमकं काय केलं, हे मला त्याचा रेझ्युमे लिहायला बसले तेव्हा कळलं.

२०२४ चा जुलै. बाहेर पाऊस, आणि आमच्या कराडकडच्या घरात सोप्यावर मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. दादा, म्हणजे माझा चुलत भाऊ, बारावीनंतर २००९ मध्ये भरती झाला होता. तेव्हाच्या नियमाने पंधरा वर्षं भरली आणि चौतिसाव्या वर्षी तो पेन्शन घेऊन घरी आला. चौतिसाव्या वर्षी रिटायर! माझ्या ऑफिसात या वयाची माणसं नुकतीच मॅनेजर होऊन सगळ्यांना छळायला लागलेली असतात. दादाला दुसरी नोकरी हवी होती, आणि घरातली इंजिनीअर मी. त्यामुळे रेझ्युमेचं काम माझ्याकडे.

"मलबारमध्ये होतास ना तू? चार देशांचं नौदल वगैरे? ते सगळ्यात वर टाकू," मी म्हटलं. "तिथं काय केलंस नेमकं?"

"झेंडे वर-खाली केले," दादा म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

मला वाटलं, टाळतोय. त्याची ती सवय आहे. कुठल्या जहाजावर आहे, कुठे निघालाय, हे त्याने फोनवर कधी सांगितलं नाही. आम्ही राखी पाठवायचो तीसुद्धा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई या पत्त्यावर. तिथून ती जिकडे जायची तिकडे जायची. २०१९ च्या डिसेंबरात तर नौदलाने युद्धनौकांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि सोशल मीडियावरच बंदी घातली. त्यानंतर दादा आमच्या फॅमिली ग्रुपवर फक्त सुट्टीत उगवायचा. तीनशे-चारशे गुड मॉर्निंग एकदम बघून 'सगळ्यांना नमस्कार' एवढं टाकायचा.

२०२० ची दिवाळी मला म्हणूनच लक्षात आहे. लॉकडाऊनमुळे मी गावी, वर्क फ्रॉम होम. १६ नोव्हेंबरला भाऊबीज होती. दादा समुद्रावर, त्यामुळे काकूने चंद्राला ओवाळायला लावलं. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, अरबी समुद्रात मलबार सरावाचा दुसरा टप्पा सुरू झाल्याची बातमी आली. टीव्हीवर नकाशा, नकाशावर लाल बाण, खाली 'चीनला धडकी'. आपली विक्रमादित्य आणि अमेरिकेची निमिट्झ, दोन विमानवाहू जहाजं एकत्र. ऑस्ट्रेलियाची बॅलरॅट, जपानची मुरासामे. १९९२ मध्ये भारत आणि अमेरिका या दोघांनी सुरू केलेला हा सराव. जपान २०१५ पासून त्यात कायमचा आला, आणि ऑस्ट्रेलिया २००७ नंतर थेट त्या वर्षी परतला होता. म्हणून एवढा गाजावाजा.

नौदलाने व्हिडिओ टाकला होता. निळ्या पाण्यात ओळीने चाललेली जहाजं, वरून काढलेली. मी तो थांबवून, दोन बोटांनी ताणून, डेकवरचे ठिपके बघत बसले. यातला एक ठिपका आपला असेल का? काकू म्हणाली, "तो डावीकडचा बघ, तसाच उभा राहतो तो." पिक्सेल फुटले होते. मी हो म्हटलं.

तर त्या ठिपक्याचं काम झेंड्यांचं होतं. तो सिग्नलचा माणूस. ओडिशातल्या आयएनएस चिल्काला सुरुवातीचं ट्रेनिंग, मग कोचीचं सिग्नल स्कूल. कुंभार्ली घाट उतरून गेल्याशिवाय ज्याला समुद्र दिसला नव्हता, त्याला तिथे सव्वीस अक्षरांचे सव्वीस झेंडे, आकड्यांच्या पताका आणि दिव्याने मोर्स शिकवलं.

"सॅटेलाइट आहे, रेडिओ आहे. झेंडे कशाला?" मी विचारलं. हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल.

दादाने कप खाली ठेवला. "रेडिओवर बोललं की आपण कुठं आहोत ते ऐकणाऱ्याला कळतं. बोलणं समजलं नाही तरी दिशा कळते. झेंडा ज्याला दिसतोय त्यालाच दिसतो. दिव्याचंपण तसंच, ज्याच्याकडं तोंड केलंय त्यालाच." शिवाय चार देशांचे चार उच्चार. म्हणून तर रेडिओवर इंग्रजी आकडेसुद्धा मुद्दाम वेगळे म्हणतात. नाइनला 'नायनर', थ्रीला 'ट्री', फाइव्हला 'फाइफ'. नीट ऐकू आलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं, 'रिपीट' नाही. कारण तोफा डागताना रिपीट म्हणजे पुन्हा डागा. हे सगळं तो अशा स्वरात सांगत होता की जसं काही गॅसचा नंबर कसा लावायचा ते सांगतोय.

मी टाइप करायचं थांबवलं होतं. मग त्याने जे सांगितलं त्यासाठीच खरं तर हा लेख लिहितेय.

समोरच्या जहाजाने डोलकाठीवर झेंड्यांची ओळ चढवली. ती वरून खाली वाचायची. तुम्हाला ती दिसली, की तुम्ही तुमची उत्तराची पताका चढवायची. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची, टोकाकडे निमुळती. पण पूर्ण वर नाही, अर्ध्यावर. त्याचा अर्थ, 'तुझा निरोप दिसला, अजून समजला नाही.' मग पुस्तक काढायचं, अर्थ लावायचा, अधिकाऱ्याला सांगायचं. समजला, की पताका पूर्ण वर. 'समजलं.' आणि नौदलात अजून एक पायरी आहे. हुकूम असेल, तर पताका वर गेली म्हणून कुणी वळायचं नाही. समोरचा आपली झेंड्यांची ओळ झर्रकन खाली ओढतो, त्या क्षणी सगळ्या जहाजांनी एकदम वळायचं.

"आणि समजलंच नाही तर?"

"तर अर्ध्यावरच ठेवायची."

"लाज नाही वाटत? सगळ्यांना दिसत असणार ना, की यांना कळलेलं नाही?"

"लाजंनं वर केली आणि चुकीच्या बाजूला वळलो तर जहाज जहाजावर जाईल, तायडे."

हे ऐकून मी गप्प झाले त्याला कारण आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन टिका येतात, निळ्या होतात. निळी टिक म्हणजे दिसलं. 'समजलं' अशी टिकच नाही. आम्ही सॉफ्टवेअरवालेही हाच घोळ करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक सर्व्हिस लिहिली होती. रांगेतून ऑर्डर उचलायची, 'मिळाली' म्हणून कळवायचं, मग तिच्यावर काम करायचं. आधी कळवायचं आणि मग काम! मध्येच सर्व्हर बंद पडला. रांगेच्या दृष्टीने ऑर्डरी पोहोचल्या होत्या, त्यामुळे तिने पुसून टाकल्या. माझ्या दृष्टीने त्या कधी आल्याच नव्हत्या. रात्री अडीचला कॉल, सगळे गोड आवाजात 'रूट कॉज' विचारतायत. पताका अर्ध्यावर असताना मी ती पूर्ण वर केली होती. डोलकाठ्यांच्या काळात सुटलेला प्रश्न मी नव्याने सोडवायला गेले आणि चुकवला.

पुढे दादाने तेल भरण्याचं सांगितलं. सरावांत हे नेहमीचं असतं. चालत्या टँकरशेजारी चालतं जहाज, मध्ये तीस-पन्नास मीटर पाणी, दोघांचा वेग सारखा. दोन जहाजांच्या मधलं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढत असतं, त्यामुळे सुकाणूवरचा माणूस घामाघूम. दोन्हीकडे लाल झेंडा, पिवळी फुली. अर्ध्यावर म्हणजे तयारी चाललीय, पूर्ण वर म्हणजे या, आणि पहिला दोर हाती आला की खाली. तो पहिला दोर बारीक असतो, त्याच्यामागून जाड, त्याच्यामागून नळी. "तो दोर धरणारा पोरगा जपानी असो नाहीतर आपला, हात तसेच सोललेले," दादा म्हणाला. बातम्यांत ज्याला 'इंटरऑपरेबिलिटी' म्हणतात, ती बहुतेक हीच. बाणांच्या नकाशात ती कुठे दाखवणार?

पण २०२० मध्ये कोविडमुळे सराव फक्त समुद्रावरच होता, कुणी कुणाच्या जहाजावर जायचं नाही. एरवी बंदरात गाठीभेटी होतात, टोप्यांची आणि बिल्ल्यांची अदलाबदल होते. दादाकडे अशा परक्या टोप्या आहेत. एक काकूने लोणच्याच्या बरणीवर घातलीय. मलबारची मात्र एकही नाही.

"म्हणजे चार दिवसांत कुणाचं तोंड बघितलं नाहीस?"

"तोंड नाही. हात ओळखीचा झाला."

समोरच्या एका जहाजावर (कुठल्या ते त्याने अर्थातच सांगितलं नाही) दिव्यावर आळीपाळीने दोघंजण असायचे. एक भरभर मोर्स पाठवायचा, अक्षरांवर अक्षरं चढायची. दुसरा सावकाश, आणि शब्द संपला की जरा जास्तच थांबायचा. मोर्समध्ये तसं होतंच, अक्षरासारखं वळण असतं प्रत्येकाच्या हाताला. दादाला तो थांबणारा आवडायचा. "तो असला की चूक व्हायची नाही. दोन दिवसांनी मीपण त्याच्यासाठी जरा थांबून पाठवायला लागलो." शेवटच्या दिवशी जहाजं पांगताना निरोपाचे संदेश झाले, ते अधिकाऱ्यांनी लिहून दिलेले. ते संपल्यावर समोरून नुसतंच दोनदा दिवा उघडून बंद झाला. त्याला पुस्तकात काही अर्थ नाही. दादानेही दोनदा उघडला.

हे त्याने मला चार वर्षांनी सांगितलं. आणि तेही रेझ्युमेसाठी खोदून विचारलं म्हणून.

इथे एक गोष्ट लिहायला हवी. मी २०१५ ते २०१९ इंजिनीअरिंग केलं. आमच्या घरचं उत्पन्न म्हणजे ऊस आणि दूध. दर जूनमध्ये फीला जितके कमी पडायचे तितके दादाच्या पगारातून यायचे. तो तेव्हा विशाखापट्टणमला होता की मुंबईला, मला माहीत नसायचं. मोबाइलवर बँकेचा मेसेज यायचा, मी त्याला 'मिळाले दादा, थँक्स' असा मेसेज टाकायचे, तो कुठल्यातरी बंदरात लागल्यावर वाचायचा. चार वर्षं, चार थँक्स. त्या पैशांसाठी कुणीतरी उन्हात उभं राहून वाऱ्यात फडफडणारं कापड वाचतंय, हे मला कधी दिसलंच नव्हतं. वारा थेट आपल्या दिशेने असला तर झेंड्याची नुसती कड दिसते, काही वाचता येत नाही, हेही त्या जुलैतच कळलं. मी त्याला तसं काही बोलले नाही. आमच्याकडे बोलत नाहीत. "अजून चहा टाकू?" एवढं विचारलं.

रेझ्युमेचं सांगायचं राहिलं. पहिला मसुदा मी आमच्या भाषेत केला. 'बहुराष्ट्रीय वातावरणात काळ-संवेदनशील संवादाचं व्यवस्थापन' वगैरे. दादाने वाचला आणि विचारलं, "हे कुणाबद्दल आहे?" दुसऱ्यात मी खरं लिहिलं, झेंडे, दिवा, मोर्स. तो मी माझ्या कंपनीतल्या भरती बघणाऱ्या एका मैत्रिणीला दाखवला. ती हळहळली, पण म्हणाली, असले शब्द सॉफ्टवेअर पकडतच नाही, पहिल्याच चाळणीत गळेल. ती चाळणी करणारी सॉफ्टवेअरं माझ्यासारखीच माणसं लिहितात. तिसरा मसुदा म्हणजे दोघांची तडजोड. वर चाळणीचे शब्द, खाली एका ओळीत 'व्हिज्युअल सिग्नलिंग, मलबार २०२०'. ती ओळ ठेवायची की नाही यावर आमचं अर्धा तास वाजलं. तो म्हणत होता काढ, ते काही मी एकट्याने केलेलं नाही. मी ठेवली.

खाजगी बंदरं, शिपिंग, एक लॉजिस्टिक्स कंपनी, असे अकरा अर्ज केले. माजी सैनिक म्हटल्यावर सगळ्यांना सिक्युरिटी सुपरवायझर आठवतो. तसे दोन फोन आलेही. दादाला त्यात कमीपणा वाटत नव्हता, मला वाटत होता. त्याला एका बंदरात जहाजांची ये-जा सांभाळणाऱ्या कंट्रोल रूममधली जागा हवी होती. तिथे तरी समोर जहाजं असतील, म्हणाला.

त्या अर्जाचं उत्तर रविवारी रात्री आलं. मी पुण्याला निघायच्या तयारीत होते, काकू डब्यात भाकऱ्या बांधत होती. दादाने नव्या फोनवर मेल उघडला आणि मोठ्याने वाचला. 'आपला अर्ज आम्हाला प्राप्त झाला आहे. तपासणीनंतर आपल्याशी संपर्क साधण्यात येईल.'

"झालं का रं काम?" काकूने विचारलं.

"अजून नाही, आई," दादा म्हणाला. "पताका अर्ध्यावर आहे."

काकूला काही कळलं नाही. तिने भाकऱ्यांवर ठेचा ठेवला आणि डबा माझ्या हातात दिला.