नऊ मिलिमीटरचं कुर्डुवाडी

माझ्या रेल्वेतली पहिली चूक भागाकाराची. भागाकार मी केला होता, उत्तरही बरोबर आलं होतं, आणि तरी ते बाजूला ठेवून मी रूळ विकत आणले.

मॉडेल रेल्वेत सर्वांत जास्त चालणारं प्रमाण एच-ओ. त्यात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची असते. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक मुख्य मार्गांवर दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की साडेसोळा येतात आणि तयार मिळणारे एच-ओ रूळ तेवढ्याच अंतराचे असतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याचा भागाकार १९.२६. म्हणजे साडेसोळाच्या रुळांवर आपला डबा ठेवला की तो पाय जवळ घेऊन उभा असल्यासारखा दिसणार. पावणेतीन मिलिमीटर कोणाला दिसतायत, असं मनाशी म्हटलं आणि पैसे मोजले.

या छंदाकडे मी वळले ते कोथरूडचं जोशी रेल्वे म्युझियम पाहून. १९९८ साली सुरू झालेलं ते संग्रहालय पुण्यातल्या कितीतरी मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. मी पाहिलं तेव्हा बँकेत नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. गाड्या एकमेकींना ओलांडत होत्या, सिग्नल बदलत होते, बोगद्यातून डबे बाहेर येत होते, आणि मी चालणाऱ्या गाड्यांकडेच पाहत राहिले. रुळांखाली काय आहे, ते कोण आणि कधी पुसतं, पावसाळ्यात काय करतात, यातलं काहीही मी तिथे विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी पहिली काही वर्षं वाचली असती.

सुरुवात मी बोरघाटापासून केली. १८६३ मध्ये सुरू झालेला तो घाट, ३७ ला १ चा चढ, गाडीला मागून जोर लावणारी इंजिनं... लहानपणापासून खिडकीतून पाहिलेलं सगळं मला खोलीत हवं होतं. एच-ओमध्ये एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. खोली दहा फुटांची. लांबी कमी करावी लागणार हे मान्य होतं, पण चढाचा हिशेब मी नीट मांडलाच नाही. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर पाट्याची जाडी धरून साधारण आठ सेंटिमीटर उंची गाठावी लागते. खऱ्या घाटाचाच चढ घेतला तर त्यासाठी जवळजवळ तीन मीटर लांबी लागते. चढ सुरू होताना आणि संपताना रूळ हळूहळू वळवून सपाटीला आणायचा, ती लांबी वेगळी. माझ्याकडे होते जेमतेम दोन मीटर, तेही ३६० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर. चढ झाला २५ ला १. इंजिन एकटं चढायचं. मागे डबे लावले की चाकं जागेवर फिरायची आणि रुळावर काळा डाग राहायचा. मी इंजिनात शिसं भरून वजन वाढवलं, मग मोटार तापू लागली. चढ चुकलाय हे उघड दिसत असताना मी इंजिनाला शिक्षा करत होते.

वळणाचंही तेच. आपल्या आयसीएफ डब्याचा सांगाडा २१ मीटरहून लांब, म्हणजे एच-ओत जवळपास २४५ मिलिमीटर. एवढा डबा इतक्या आखूड वळणावर घेतला की त्याची टोकं बाहेर आणि पोट आत येतं. बोगद्याचं तोंड मी सरळ रुळाच्या मापाने कापलेलं होतं. पहिल्याच फेरीत डब्याने प्लास्टरचा कोपरा पाडला. आधी पुठ्ठ्याचा डबा कापून वळणावर फिरवून पाहायचा, ही इतकी साधी युक्ती मला नंतर सुचली.

पण माझ्या मांडणीचं खरं नुकसान केलं ते हवेने. प्लाय कापून देणारे सुतार जाताना म्हणाले होते, "ताई, रंगाचा हात खालूनही मारा." दिसणार तर फक्त वरची बाजू, म्हणून मी तेवढीच रंगवली. जुलैत प्लायची उघडी बाजू ओल पीत राहिली, रंगवलेली बाजू तशीच राहिली, आणि पाट्याची दोन्ही टोकं उचलली गेली. पट्टी लावली तर मधोमध तिच्याखालून उजेड दिसत होता. त्यावरचे जोड वाकले, गाडी एका ठरावीक जागी रोज उतरायला लागली. मी ती जागा घासत राहिले, रूळ वाकवत राहिले. पाट्याकडे वाकून एकदाही पाहिलं नाही.

उन्हाळ्याने दुसरा धडा दिला. वीज नीट पोचावी म्हणून थंडीच्या दिवसांत मी रुळांचे सगळे जोड डाग देऊन पक्के केले होते. तीन मीटर लांब रूळ पंचवीस अंशांनी तापला की मिलिमीटरभर तरी वाढतो. खऱ्या रेल्वेत फिशप्लेटपाशी फट सोडतात ती यासाठीच, आणि हे कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या फिटरच्या मुलीला कोणी शिकवायची गरज नव्हती. एप्रिलमधल्या एका दुपारी घरी आले तर रूळ स्लीपरमधून सुटून एका बाजूला नागमोडी झाला होता. आता मी प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार देते आणि जोडात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवते.

छोट्या चुका भराभर सांगते, कारण नव्याने हे करणाऱ्याला त्या उपयोगी पडतील. थर्माकोलच्या डोंगरावर डबीतला स्प्रे मारू नये, डोंगर विरघळतो. डब्याच्या खिडक्यांना फेविक्विक लावू नये, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धूळ बसल्यासारखी होते आणि ती पुसून जात नाही. पावसाळी दिवशी वार्निश फवारू नये, ते दुधाळ होतं. रूळ पॉलिश पेपरने घासू नये. त्यावर पडलेल्या चऱ्यांत काजळी आणखी लवकर भरते. मऊ फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं की पुरतं. खडी टाकून त्यावर पातळ केलेला फेविकॉल सोडताना सांध्याची हलती पाती आधी झाकावीत. मी झाकली नव्हती, आणि सकाळी तो सांधा दगडासारखा बसला होता.

पैशाबद्दल सांगायला सर्वांत जड जातं. बाहेरून मागवलेल्या एका इंजिनाची किंमत मी घरी निम्मी सांगितली. घर दोघांच्या पगारावर चालत होतं, मुलीच्या क्लासची फी तोंडावर होती, आणि खरी किंमत सांगितली तर नवरा नाही म्हणणार नाही पण गप्प होईल, हे मला माहीत होतं. तो गप्प झालेला मला नको होता. पार्सल आलं तेव्हा मी बँकेत होते. सीमाशुल्क त्यालाच भरावं लागलं आणि पावतीवर किंमत छापलेली होती. संध्याकाळी त्याने पावती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "तुला हवं होतं तर घ्यायचंस की. मला का फसवलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ते इंजिन मी विकलं. तोट्यात विकलं. त्यानंतर घरखर्चाच्या वहीत माझ्या छंदाचं पान आहे आणि ते दोघंही वाचतो. महिन्याला जे बसेल तेवढंच येतं. त्यामुळे कामाचा वेग कमी झाला, आणि माझ्या बहुतेक चुका घाईतूनच येत होत्या हे त्या मंद झालेल्या महिन्यांत मला दिसायला लागलं.

घाट मोडला तेव्हा बाबांनी विचारलं, "अगं, मग कुर्डुवाडी का नाही करत?"

बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती आखली. रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे, एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, अशा हिशेबाने डबे आणि इंजिनं बेतलेली. पुढे ही लाइन पंढरपूरला, लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. कुर्डुवाडीला तिची गाठ मुंबई-सोलापूर ब्रॉडगेजशी पडे. आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. आणि ७६२ ला ८७ ने भागलं की येतात ८.७६. एन नावाच्या त्याहून लहान प्रमाणाचे रूळ बरोबर नऊ मिलिमीटरचे असतात, सहज मिळतात. नॅरोगेजला वळणं आखूड चालतात, डबे छोटे, सोलापूर जिल्ह्यात घाट नाही. माझ्या खोलीत मावेल अशी रेल्वे माझ्याच घरात होती आणि मी ती सोडून बोरघाटाला डोकं लावत बसले होते.

इथेही घाई केलीच. एनचे रूळ जसे आले तसे ठोकले. त्यांचे स्लीपर १:१६० या प्रमाणाचे, म्हणून बारीक आणि दाट. नॅरोगेजचे स्लीपर एवढे दाट नसतात. नंतर एक सोडून एक स्लीपर कापावा लागला आणि उरलेल्यांवर लाकडाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागल्या. मग शेजारी ते जुने साडेसोळाचे रूळ ब्रॉडगेज म्हणून मांडले. खऱ्या दोन रुळांचं प्रमाण एकास २.२. माझं एकास १.८. नऊ मिलिमीटरचा रूळ बरोबर होता म्हणून शेजारचा खोटा उघडा पडला. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मोठी लाइन एवढी बारकी कशी गं?" कोणाला दिसतायत म्हणून सोडलेले ते पावणेतीन मिलिमीटर त्यांना पाहताक्षणी दिसले.

फलाटाबद्दल मात्र मी त्यांच्याशी वाद घातला, आणि त्याची खंत मला सर्वांत जास्त आहे. पुस्तकातल्या एका रेखाचित्रावरून मी नॅरोगेजचा फलाट डब्याच्या दारापर्यंत उंच केला होता. बाबा म्हणाले, फलाट जमिनीलगत होता, आम्ही पायरीवर पाय ठेवून चढायचो. मी त्यांना पुस्तक उघडून दाखवलं. ते रेखाचित्र एका इंग्लिश स्टेशनचं होतं. बाबांनी ते पाहिलं आणि "असेल बाई" म्हणून उठून गेले. मी ज्या माणसाला खोटं ठरवलं तो त्या फलाटावर रोज उतरत होता. काही महिन्यांनी एका जुन्या फोटोत डब्याची खालची पायरी पूर्ण दिसली, तिच्याखाली माती, मातीत अर्धे बुडालेले रूळ. मी फलाट तोडला. मग त्यांना बोलावून, पुस्तक न उघडता, पाण्याची टाकी कुठे होती, रुळांमध्ये गवत किती वाढायचं, इंजिनाची राख कुठे टाकत, असं एकेक विचारत बसले. उत्तरं वहीत लिहून घेतली. त्यांना आठवत नव्हतं तिथे त्यांनी तसं सांगितलं आणि ती जागा मी रिकामी ठेवली.

आषाढीच्या गाड्यांबद्दल ते बोलले ते याच बैठकांत. टपावर माणसं, दारांत माणसं, पंढरपूरकडे जाणारी गाडी दिसायची ती पताकांमुळे, डबे दिसायचेच नाहीत. माझी गाडी रिकामी धावत होती. बाजारात मिळणारी एच-ओ माणसं दोन सेंटिमीटर उंच, कोट-हॅट घातलेली. मी आधी त्यांच्या टोप्या पांढऱ्या रंगवून काम भागवलं होतं. ते वारकरी दिसत नव्हते. आता हॅट कापून काढते, टिश्यू पेपरची चिटोरी पातळ फेविकॉलमध्ये भिजवून त्यांचं धोतर आणि नऊवारी नेसवते, मुंडासं दोऱ्याचं करते. एका माणसाला एक संध्याकाळ जाते. नवरा आणि मुलगी दोघंही करू लागतात. मुलीचे पदर माझ्यापेक्षा चांगले पडतात.

ब्रॉडगेजचे रूळ मी उखडले आहेत. तयार मिळत नाहीत म्हणून ते हाताने करतेय: तांब्याचा थर दिलेल्या पट्ट्यांचे स्लीपर, त्यांवर सुटे रूळ डाग देऊन जोडायचे. डब्यांची चाकंही आसावर तेवढीच बाहेर सरकवावी लागणार आहेत. दोन रूळ नेमक्या अंतरावर धरायला एक माप लागतं, ते बाबांनी पितळेचं घासून दिलं. मी कागदावर १९.२६ लिहून दिलं होतं. त्यांनी दोन ठोकळे करून आणले. एक म्हणाले सरळ रुळाला, आणि दुसरा किंचित मोठा. "वळणावर रूळ थोडा रुंद ठेवावा लागतो, नाहीतर चाक चढतं," ते म्हणाले. "तुझ्या हिशेबात ते नव्हतं."