मंगळाची हवा

आमच्या बुटीबोरीस कारखाने आले, वसाहत वाढली. परंतु लग्नाच्या बोलण्यात मंगळाचा अंमल तसूभरही कमी झाला नाही. पत्रिकेतील बारा स्थानांपैकी प्रथम, चतुर्थ, सप्तम, अष्टम वा द्वादश स्थानी तो बसला, की मुलगी ‘मंगळाची’ ठरते. बारांत पाच! अशा मुली किती निघतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

ज्याचे एवढे भय, तो ग्रह आहे तरी कसा? पूर्वीचे ज्योतिर्विद दुर्बिणीतून पाहून तेथील हवेचा दाब बराच अधिक समजत. 1965 साली अमेरिकेचे मरिनर-4 हे यान मंगळाआड जाताना त्याचे रेडिओसंदेश तेथील हवेतून आले व किंचित वाकले. त्यावरून तो दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी निघाला. विद्वानांनी जुने आकडे सोडून दिले.

पुढे 5 नोव्हेंबर 2013 रोजी आपले मंगळयान श्रीहरिकोट्याहून निघाले आणि 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळाभोवती फिरू लागले. त्याच्या अग्निबाणाचे काही भाग आपल्याच वालचंदनगरास व विक्रोळीस घडले होते. यानावरील ‘मेन्का’ या यंत्राने तेथील अतिविरळ वरच्या थरांतील कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजनचे अणू, आरगॉन इत्यादींची मोजदाद केली. सहा महिन्यांसाठी योजलेले हे यान सुमारे साडेसात वर्षे टिकून 2022 साली मुके झाले.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ येथील कारखान्यात सुट्या भागांची मापे तपासतात. केसाएवढा फरकही त्यांना खपत नाही. चिरंजीवांस पसंत पडलेली मुलगी त्यांनी यंदा मंगळासाठी नाकारली. आम्ही कारण विचारले, तेव्हा म्हणाले, “आमचा विश्वास नाही हो, पण विषाची परीक्षा कशाला घ्या?”

हवेचा दाब मोजल्याने फलज्योतिष खोटे ठरत नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांसही ते मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच, की माप हाती येताच मत बदलण्याची तयारी हे विज्ञानाचे खरे धन होय. विश्वास असून पत्रिका पाहणाऱ्याशी वाद तरी घालता येतो. विश्वास नसताना पाहणाऱ्यापुढे कोणते माप ठेवावे? त्याच्या सावधगिरीची किंमत तो स्वतः देत नाही. ती परक्या घरची मुलगी देते.