हातातले ज्ञान

वसमतच्या शिवारात हळद शिजत होती. एका वृद्ध शेतकऱ्यांनी हळकुंडात काडी टोचली. ती सहज आत जाताच त्यांनी काहिलीखालचा विस्तव काढावयास सांगितले. ‘हे कोठे लिहिले आहे?’ आम्ही विचारले. ‘हातात, फादर,’ ते हसले.

१९९५ साली अमेरिकेत जखमेवरील हळदीच्या वापराचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या शास्त्रज्ञांनी जुने लेखी पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. लिहिलेले देशाच्या कामी आले.

२०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन लाभले. तेव्हा ते आजोबा हयात नव्हते. त्यांचे ज्ञान आम्ही लिहून घेतले नाही, ही आमची चूक. वाचकहो, घरच्या वडीलधाऱ्यांपाशी आजच वही घेऊन बसावे.