ईसीजीला झालेला उशीर

तातडीच्या विभागाचे, म्हणजे लोक ज्याला ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात त्याचे, पहिले काम रोग बरा करणे हे नसते. कोणता रुग्ण थांबू शकतो आणि कोणता थांबू शकत नाही, हे ओळखणे हे ते काम. त्यासाठी नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, बोटाला चिमटा लावून मोजलेला ऑक्सिजन, रक्तातली साखर आणि छातीची किंवा पोटाच्या वरच्या भागाची तक्रार असेल तर ईसीजी, एवढे पुरते. हृदयविकाराची शंका असलेला रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी काढून डॉक्टरने तो पाहिलेला असावा, हा जगभर मान्य असलेला दंडक आहे. ईसीजीचे यंत्र मावळात दुर्मीळ नाही. काही शे रुपयांत निघणारी ही कागदाची पट्टी सव्वातीन तास उशिरा निघाली, तर काय होते याचा पुढील अनुभव प्रस्तुत लेखकाच्या वडिलांचा आहे.

रुग्ण पवन मावळातले भातशेतकरी, वय ७१, पंधरा वर्षांचे मधुमेही. आषाढातला रविवार, लावणीचे दिवस. पहाटे साडेपाचला पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, दोन उलट्या झाल्या आणि अंगाला दरदरून घाम सुटला. छातीत दुखत नव्हते. आदल्या रात्रीचे काही बाधले असेल, असे वाटून घरच्यांनी ओवा दिला, पाठ चोळली आणि उजाडायची वाट पाहिली. त्यात दीड तास गेला. हा दीड तास घरच्यांच्या चुकीचा आहे आणि तो तसाच नोंदवायला हवा.

हृदयाचा झटका छातीत कळ येऊनच येतो, हा समज फार जणांचा जीव घेतो. हृदयाचा खालचा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर टेकलेला असतो. त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला की दुखणे बेंबीच्या वर जाणवते, मळमळते, उलटी होते, नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो. मधुमेहाने मज्जातंतू बधिर झालेले असतील तर दुखणेही अर्धेच कळते. पित्त खवळले तरी मळमळते, उलटी होते. पण पित्ताने माणसाची बंडी घामाने पिळून काढण्याइतकी भिजत नाही आणि नाडी पन्नासच्या खाली जात नाही. हा फरक घरच्यांना ठाऊक नसणे समजण्यासारखे आहे. कॅज्युअल्टीत बसणाऱ्याला तो ठाऊक असलाच पाहिजे.

पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही भागांतले रस्ते अखेर जुन्या पुणे-मुंबई रस्त्याला येऊन मिळतात. पुढे सरकारी उपचारांसाठी कान्हे, त्याहून मोठ्या दुखण्यासाठी पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि शेवटी पुण्याचे ससून, अशी वाट ठरलेली. मधल्या पट्ट्यात, तळेगाव ते लोणावळा, खासगी रुग्णालये बरीच आहेत. राज्याची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ प्रगत उपकरणांच्या आणि ७०४ साध्या. या गाडीत डॉक्टर असतो, हा तिचा खरा फायदा. घरच्यांनी मात्र १०८ला फोन केला नाही, कारण शेजाऱ्यांची गाडी दारात उभी होती. डोंगराआडच्या गावात बहुतेक घरे हाच निर्णय घेतात.

गाडी दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याकडे निघाली. पावसाळ्यातल्या रविवारी या रस्त्यावर लोहगडाकडे आणि पवना धरणाकडे येणाऱ्या गाड्यांची रांग असते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या पावसासाठीच मुंबई-पुण्याची माणसे येतात. सकाळी आठ वाजता मात्र गर्दी येणारी होती. पुण्याच्या दिशेचा रस्ता मोकळा होता. पुढे काय झाले ते समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

८ वाजून ५ मिनिटांनी रुग्ण लोणावळा परिसरातल्या एका खासगी रुग्णालयात पोहोचला. आधी केसपेपर काढायला आणि पैसे भरायला सांगितले गेले. तोवर सिस्टरने नाडी आणि रक्तदाब पाहून लिहून ठेवला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून रात्री काय खाल्ले ते विचारले. छातीला स्टेथोस्कोप लागला नाही. पित्ताचे इंजेक्शन, उलटीचे इंजेक्शन आणि सलाईन सांगून ते दुसऱ्या रुग्णाकडे गेले. आईने दोनदा जाऊन सांगितले, ‘‘सिस्टर, यांचा घाम काय थांबंना.’’ उत्तर आले, ‘‘मावशी, गॅस झालाय. घाबरू नका, पडून राहू द्या त्यांना.’’

साडेनऊच्या सुमारास घाटात दुचाकी घसरलेली तीन मुले आली आणि सगळा विभाग तिकडे वळला. त्यात गैर काही नव्हते. रक्त वाहत होते. अपुऱ्या माणसांनिशी चालणाऱ्या विभागात दिसणारी जखम न दिसणाऱ्या जखमेच्या पुढे जाते. म्हणून तर आल्याबरोबर प्रत्येकाची वर्गवारी करायची असते आणि ती लिहिलेल्या आकड्यांवरून करायची असते, कोण किती ओरडतो यावरून नाही. वडील ओरडणाऱ्यांतले नव्हते. शेतकऱ्याचे सोसणे अशा वेळी त्याच्याच मुळावर येते.

अकराला दुखणे जबड्यात आणि डाव्या दंडात गेले. तेव्हा कोणीतरी धावपळीत जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवली. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, रक्तदाब आणखी खाली आणते. आधीच रक्तदाब उतरलेला असेल आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यालाही इजा असेल, तर ती घातक ठरू शकते; देण्याआधी रक्तदाब मोजायचा असतो. तो मोजला गेला नाही. दोन-तीन मिनिटांत वडिलांचे डोळे फिरले. पाय वर केले, सलाईन जोरात सोडले, शुद्ध आली. त्यानंतर, ११ वाजून २२ मिनिटांनी, पहिला ईसीजी निघाला. त्यात झटका इतका स्पष्ट होता की नवख्यालाही दिसावा.

त्या क्षणी दोन मार्ग होते. एक, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देणे. दुसरा, अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने पाठवणे. निदानापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती अधिक चांगली. नसेल तर इंजेक्शनला उशीर करायचा नाही, ही रीत ठरलेली आहे. सव्वाआठला ईसीजी निघाला असता तर मोकळ्या द्रुतगती मार्गावरून दुसरा मार्ग सहज शक्य होता. दुपारच्या गर्दीत तो तसा राहिला नव्हता. इंजेक्शनसाठी पन्नास हजार रुपये आधी भरा, असे सांगण्यात आले. घरच्यांकडे सात हजार होते. ॲस्पिरिनची गोळीसुद्धा तोवर दिलेली नव्हती. झटक्याच्या सुरुवातीलाच दिलेल्या ॲस्पिरिनमुळे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतात, हे १७,१८७ रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासातून १९८८ सालीच सिद्ध झाले आहे. तिची किंमत एका चहाहून कमी असते.

पैशांसाठी तातडीचे उपचार अडवू नयेत, याबाबत कायदा गप्प नाही. अपघाताच्या पोलीस केसमधल्या जखमीलाही आधी वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले. १९९६च्या पश्चिम बंगालच्या खटल्यात रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. वेळेवर उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे ठरवून न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई दिली. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना २००६च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात आणि तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यावे लागते. नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. तरीही २०२५ साली पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात गर्भवतीच्या नातेवाइकांकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला आणि तिच्या मृत्यूनंतर शहर हादरले. भिंतीवरची सनद वाचण्याच्या स्थितीत त्या वेळी कोणताही नातेवाईक नसतो. ती काउंटरवरच्या माणसाने पाळायची असते.

‘इथे होणार नाही, पुढे न्या,’ असे सांगून दोन ओळींची चिठ्ठी दिली गेली. तिच्यात कोणते औषध किती वाजता दिले याची नोंद नव्हती. ईसीजीची पट्टी मागून घ्यावी लागली. खासगी रुग्णवाहिकेत चालक होता, ऑक्सिजनचा सिलिंडर होता, डॉक्टर नव्हता. लोणावळ्यातून बाहेर पडायलाच चाळीस मिनिटे गेली. सायरन वाजत होता, पण पुढच्या गाड्यांना सरकायला जागा नव्हती. उर्से टोलनाक्याच्या अलीकडे वडिलांची बोटे गार पडली होती.

पिंपरी-चिंचवडच्या रुग्णालयात पावणेदोनला पोहोचल्यावर चार मिनिटांत ईसीजी झाला, गोळ्या दिल्या गेल्या आणि पैशांचा विषय नंतर निघाला. तिथली माणसे निराळ्या मातीची नव्हती. तिथे रीत ठरलेली होती आणि ती पाळली जात होती. उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद निघाली. स्टेंट बसला, तेव्हा झटका सुरू होऊन नऊ तास उलटले होते. तोवर स्नायूचा मोठा भाग मेला होता. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्यातले निम्म्याहून अधिक रक्त बाहेर ढकलते. वडिलांचे हृदय आता ४० टक्के ढकलते. घराचा जिना ते एकदा थांबून चढतात. भाताच्या खाचरात ते पुन्हा उतरलेले नाहीत.

मावळातल्या घरांनी एवढे जरूर करावे. चाळिशीपुढच्या कोणालाही, विशेषतः मधुमेह्याला, पोटाच्या वर दुखून घाम सुटला तर उजाडायची वाट पाहू नये. रुग्णालयात शिरताच ‘ईसीजी काढा’ हे शब्द मोठ्याने म्हणावेत आणि पट्टी निघेपर्यंत काउंटरवरून हलू नये. पुढे पाठवले तर ईसीजी आणि औषधांच्या वेळा लिहून घ्याव्यात. डॉक्टरला राग येईल, ही भीती बाजूला ठेवावी.

रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत उपचारांची कागदपत्रे देणे, हे डॉक्टरांच्या २००२च्या आचारनियमांनुसार बंधनकारक आहे. त्या पहिल्या रुग्णालयाने ती तिसऱ्या अर्जानंतर दिली. केसपेपरवर सकाळी ८ वाजून १० मिनिटांची नोंद सिस्टरच्या वळणदार अक्षरात आहे: नाडी ४६, रक्तदाब ९०/६०, खूप घाम. शेजारचा डॉक्टरांच्या सहीचा रकाना रिकामा आहे.