जवारी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बाबांचा जुना अँप्लिफायर खाली आला. त्याचे लाकडी स्पीकर हॉलमध्येच होते, वर फुलदाण्या ठेवलेले.

बाबांना शास्त्रीय संगीत लागतं. पण गुडघे दुखायला लागले तसं सवाई गंधर्व महोत्सवाला जाणं सुटलं. आकाशवाणीची 'रागम' ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी २६ जानेवारी २०१६ला सुरू झाली, ती आमच्या ट्रान्झिस्टरवर लागत नाही, मोबाइलवर इंटरनेटवरून लागते. आणि मोबाइलच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून डग्गा ऐकूच येत नाही.

म्हणून एक वायर आणली. एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन. घाईत त्या 'फोनो' लिहिलेल्या जागी खुपसल्या आणि आवाज असा फाटला, की आई स्वयंपाकघरातून धावत आली. ती जागा रेकॉर्डप्लेअरची. सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. तो कैक पटींनी वाढवायचा आणि त्यातला खर्ज उचलायचा, हे तिचं काम. पिना 'ऑक्स'मध्ये लावल्या. आवाज स्वच्छ झाला, तरी खाली एक बारीक घुंऽऽ राहिलीच. तासभर वायरी हलवल्या. शेवटी मोबाइलचा चार्जर काढला, तेव्हा ती गेली.

यमन लागला होता. गायिकेने अजून तोंड उघडलं नव्हतं. मी आवाज वाढवायला हात पुढे केला, तर बाबा म्हणाले, "थांब. तानपुरा ऐकू येतोय."

घरी त्यांनी आयुष्यभर गाणं ऐकलं ते मीडियम वेव्हवर. तिथे शेजारच्या केंद्रांमध्ये अंतर फक्त ९ किलोहर्ट्झचं, त्यामुळे आवाजातला वरचा बारीक भाग कापलाच जातो. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजारव, नेमकी त्याच भागात असते. तारेखालचा सुती दोरा केसभर इकडे-तिकडे सरकवत कलाकार जिच्यासाठी कान लावून बसतो, ती आमच्या घरात कधी पोचलीच नव्हती. बाबा डोळे मिटून बसले होते. बोटं मात्र खुर्चीच्या हातावर तारा छेडत होती.

नेट मंदावलं की तान मधेच लटकते. माझा जीव वरखाली होतो. बाबा शांतपणे वाट बघतात. त्यांनी खरखरीतून गाणं वेचून ऐकलंय.

हल्ली सकाळी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्याही ते याच स्पीकरवर लावतात. आईचा ट्रान्झिस्टर ओट्यावर चालू असतोच. इंटरनेटचा आवाज आधी मोबाइलमध्ये थोडा साठतो आणि मग वाजतो, त्यामुळे स्वयंपाकघरात ऐकलेलं वाक्य काही सेकंदांनी हॉलमध्ये पुन्हा येतं.

"अहो, हे मघाशीच सांगितलं त्यांनी," आई आतून म्हणते.

बातम्या संपल्या की ती ट्रान्झिस्टर बंद करते आणि दोन कप चहा घेऊन बाहेर येते. तोवर बाबांनी 'रागम' लावलेलं असतं.