नवी होडी घेताना

कोळ्याच्या घरी होडी बदलण्याचा विषय निघाला, की त्या घरातील स्त्रियांना आपले दागिने आठवतात. हे आम्ही विनोदाने लिहीत नाही. वसईपासून उत्तनपर्यंतच्या आमच्या किनाऱ्यावर बांगड्या-पाटल्या गहाण पडल्यावाचून होडी पाण्यात उतरली, अशी घरे थोडीच सापडतील. शेतकऱ्याची जमीन त्याच्या मागे उरते. होडी मात्र दरवर्षी थोडी थोडी झिजते आणि कर्ज फिटेपर्यंत निम्मी म्हातारी झालेली असते. म्हणूनच नवी होडी कोणती घ्यावी, हा प्रश्न गेले वर्षभर आमच्या घरात जेवणाच्या पानावरही चर्चिला गेला. त्या चर्चेतून जे हाती लागले, ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावे, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

आमच्या थोरल्या बंधूंची होडी सागवानी आहे. सागाच्या लाकडात उपजतच तेल असते, त्यामुळे ते खाऱ्या पाण्याला पुष्कळ काळ दाद देत नाही. तथापि लाकडी होडी ही म्हाताऱ्या माणसाप्रमाणे सेवा मागते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ती किनाऱ्यावर ओढून घ्यावी, फळ्यांच्या फटींतला जुना कापूस काढून नवा ठोकावा, राळ आणि तेल भरावे, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडावेत, हा दरवर्षीचा क्रम. शिवाय लाकूड पोखरणारा एक जीव समुद्रात असतो. तो दिसतो अळीसारखा, परंतु शास्त्रज्ञ त्याला शिंपल्याच्याच कुळातला मानतात. बाहेरून धड दिसणारी फळी तो आतून चाळणीसारखी करून टाकतो. आता सागाचा भाव परवडत नाही, आणि होडी बांधणाऱ्या सुतारांची मुले शहरांतील घरांचे फर्निचर करू लागली आहेत. त्यात त्यांना कोण दोष देणार?

मात्र लाकडाचा एक गुण आमचे वडील नेहमी सांगत. लाकडी होडी उलटली, पाण्याने भरली, तरी बहुधा तरंगत राहते. माणसांना धरायला काहीतरी उरते. खाडीच्या मुखाशी, जेथे ओहोटीचे पाणी आणि बाहेरची लाट एकमेकांवर आदळतात, तेथे या एका गुणाने कित्येक जीव वाचले आहेत. नव्या होडीचा विचार करताना हे वाक्य आम्ही सतत मनाशी ठेवले.

अलीकडे बहुतेक जण फायबरची होडी घेतात. काचेच्या तंतूंचे कापड साच्यात एकावर एक पसरून त्यात रेझीन मुरवले, की ती तयार होते. २००४ सालच्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा होड्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. तिला फळ्या नाहीत, म्हणून फटी नाहीत. किडा तिला पोखरत नाही. मागे लावलेल्या बाहेरच्या इंजिनावर ती हलकी धावते. दोष असा की खडकावर आपटली तर तिला तडा जातो, आणि तड्यातून पाणी आतल्या थरांत शिरले की ते थर हळूहळू सुटू लागतात. ती संपल्यावर तिचे काय करावे, हेही कोणास ठाऊक नाही. मोडीत तिला किंमत नाही, जाळली तर विषारी धूर होतो. म्हणून ती किनाऱ्यावर तशीच पडून राहते.

तिसरा पर्याय आमच्या धाकट्या बंधूंनी सुचविला. नोकरीनिमित्त ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्थजवळ राहतात. त्या देशात बॉक्साइट विपुल निघते आणि ॲल्युमिनियमच्या लहान होड्या तेथे घरोघरी दिसतात. लोक त्यांना लाडाने ‘टिनी’ म्हणतात. त्यांनी आमच्यासाठी मनात धरलेली होडी ‘सेंटर कन्सोल’ पद्धतीची होती. म्हणजे होडीच्या मध्यभागी छातीइतके उंच एक कपाट असते. सुकाणूचे चाक व इंजिनाच्या कळा त्यावर असतात आणि दोन्ही बाजूंनी माणसाला चालण्यास मोकळी वाट राहते.

आम्ही त्यांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकले, कारण त्यात तथ्य होते. समुद्रासाठी साधे ॲल्युमिनियम चालत नाही. मॅग्नेशियम मिसळलेला मिश्रधातू लागतो. ५०८३ या क्रमांकाने तो ओळखला जातो. त्याचा पत्रा हवेशी संबंध येताच स्वतःवर एक पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. खडकावर आपटल्यास तो सहसा फुटत नाही, पोचतो. रिबिटांनी जोडलेल्या होडीचे रिबिट लाटांच्या माराने काही वर्षांनी सैल होतात, म्हणून खुल्या समुद्रासाठी वेल्डिंगने जोडलेली होडीच घ्यावी, असेही त्यांनी बजावले. आणि होडीचे आयुष्य संपले, तरी तिचा पत्रा वितळवून पुन्हा वापरता येतो. भंगारवाला तिचे पैसे मोजून देतो.

परंतु धातूची दुसरी बाजूही आहे. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकत्र आले, की त्यांतील दुबळा झिजू लागतो. ॲल्युमिनियमच्या होडीत पितळेचा एखादा नळ थेट बसवला, किंवा बुडाला तांबेयुक्त रंग लावला, तर पत्र्याला भोके पडण्यास वेळ लागत नाही. म्हणून बुडाला जस्ताचे तुकडे बसवतात. ते आधी झिजतात आणि होडी वाचवतात. झिजले की बदलावे लागतात. आमच्याकडे ओहोटीला होडी चिखलात बसते. ओल्या चिखलाखाली हवा पोचत नाही, आणि हवेविना तो रक्षक पापुद्रा पुन्हा धरत नाही. मे महिन्याच्या उन्हात पत्रा हात भाजेल इतका तापतो. बर्फाच्या पेटीला जाड अस्तर नसेल तर बर्फ घरी पोचण्याआधीच पाणी होतो. लाट आदळली की पत्रा ढोलासारखा वाजतो, तो वेगळाच.

हे सर्व ऐकून झाल्यावर आमच्या वहिनींनी एकच प्रश्न विचारला. वहिनी पहाटे बाजारात मासळी घेऊन बसतात. होडी एक दिवस बंद राहिली तर काय होते, याचा हिशेब त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुमचं सगळं पटलं. पण ऐन हंगामात पत्रा फाटला, तर आमच्या बंदरावर तो जोडणार कोण?”

धाकटे बंधू गप्प राहिले. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग लोखंडाच्या वेल्डिंगहून निराळे असते. त्यासाठी वेगळे यंत्र, जोडावर सतत सोडलेला आर्गॉन वायू, स्वच्छ घासलेला पत्रा आणि सरावाचा हात लागतो. किनाऱ्याच्या वाऱ्यात तो वायू उडून जातो आणि जोड कच्चा राहतो. फायबरची होडी फुटली तर मात्र कोळीवाड्यातील दोन पोरे कापड आणि रेझीन आणून ती दोन दिवसांत बुजवतात. ऑस्ट्रेलियात ती धातूची होडी उत्तम ठरते, कारण तिच्या पाठीशी तेथील कारखाने आणि कारागीर उभे आहेत. आमच्या बंदरात तिच्या पाठीशी असे कोणी उभे नव्हते.

शेवटी आम्ही फायबरची होडी घेण्याचे ठरविले. परंतु धाकट्या बंधूंचे श्रम वाया गेले, असे कोणी समजू नये. त्यांच्या होडीचा धातू आम्ही सोडला, तिची रचना बरीचशी घेतली. आमच्या लहान होड्यांत इंजिनाचा दांडा धरून माणूस मागे बसतो आणि नाळ उंच झाली की त्याला पुढचे काही दिसत नाही. मध्यभागी उभा राहिला तर त्याला दूरवर दिसते, आणि तराजूच्या दांडीप्रमाणे होडीचा मध्य लाटेवर कमी हलतो. जाळे ओढताना ते कपाटाच्या कोपऱ्यांत अडकेल, अशी भीती थोरल्या बंधूंनी व्यक्त केली. म्हणून कपाट लहान, गोल कडांचे आणि किंचित मागे सरकवलेले करून घ्यायचे ठरले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फायबर आणि धातू दोन्ही पाण्याहून जड. भरलेली होडी बुडणार, हे उघड. म्हणून फळीखालच्या पोकळीत आणि दोन्ही बाजूंना पाणी न शोषणारा फोम भरून घ्यावा लागतो. तो भरला, असे कारागीर सांगतो. परंतु आत कोण पाहणार? आम्ही अशी अट घातली, की ताबा घेण्यापूर्वी होडी उथळ पाण्यात नेऊन, इंजिनाइतके वजन मागे ठेवून, काठोकाठ भरून दाखवावी. ती तरंगली तरच उरलेले पैसे मिळतील. वडिलांचे वाक्य आम्ही अशा रीतीने नव्या होडीत बसविले. पुतण्या आधी समुद्रावर जाण्यास कचरत होता, ही अट कागदावर उतरल्यावर तो आपल्या आईला म्हणाला, “मग मी जाईन.” त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आले. ते आनंदाचे की काळजीचे, हे आम्ही विचारले नाही.

१९८६ साली दुष्काळामुळे गालीलच्या सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा दोन कोळी भावांना चिखलात एक जुनी होडी सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे प्रभू येशूच्या काळाच्या आसपासची ठरली. लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी २.३ मीटर. मुख्य लाकूड देवदार आणि ओक यांचे; परंतु दुरुस्तीसाठी वेळोवेळी मिळेल त्या झाडाचे तुकडे बसविलेले. एकूण दहाहून अधिक जातींची लाकडे तिच्यात आढळली. कामाचे भाग काढून घेऊन अखेर मालकाने सांगाडा सोडून दिला असावा, असे अभ्यासक मानतात. संत पेत्राची होडी हीच होती, असे कोणी म्हणू शकत नाही. पण ज्या गरीब होडीत बसून प्रभूने लोकांना उपदेश केला, ती अशीच ठिगळांची असणार. तेथील कोळ्यानेही आपल्या ऐपतीचा, हाताशी असलेल्या लाकडाचा आणि जवळच्या सुताराचा विचार करूनच ती राखली असेल.

आमच्या जुन्या होडीच्या ज्या फळ्या अजून धड आहेत, त्या आम्ही काढून ठेवणार आहोत. शेजाऱ्याच्या होडीला त्या उपयोगी पडतील. नवी होडी बंदी उठल्यावर, १ ऑगस्टला, धर्मगुरूंच्या आशीर्वादानंतर पाण्यात उतरेल. वहिनींच्या पाटल्या अजून सोडवायच्या आहेत. वाचकहो, त्या पहाटे आपल्या किनाऱ्यावरून शेकडो होड्या बाहेर पडतील. त्या सर्वांतील माणसांसाठी आपण घरी एक ‘नमो मरिये’ म्हणावी, एवढीच विनंती.